स्वयंपाकघराच्या टाइल्स निवडताना: आधी ओट्यापाशी, मग दुकानात

स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिला रविवार टाइल्सच्या दुकानात जातो. माझं सांगणं असं की तो रविवार घरीच घालवा. नेहमीचा स्वयंपाक करा आणि करताना बघत राहा, तेल कुठे उडतं, पाणी कुठे सांडतं, पाय कुठे ओला होतो. दुकानात शेकडो टाइल्स उभ्या असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा दिसायला सुंदरच असतात. तुमच्या ओट्यामागच्या भिंतीवर दहा वर्षं कोणती टिकेल, हे मात्र दुकानातल्या दिव्यांखाली कळत नाही.

गेली बरीच वर्षं मी घरांच्या दुरुस्तीची आणि नूतनीकरणाची कामं पाहते आहे, जास्त करून पुण्यातली आणि ठाणे-डोंबिवलीकडची. पहिल्यांदाच हे काम काढणाऱ्यांना जे दर वेळी समोर बसून सांगावं लागतं, ते इथे ओळीने लिहिते आहे.

१. घरातली पाहणी

शेगडीमागच्या भिंतीपासून सुरुवात करा. आपल्या स्वयंपाकात फोडणी रोजची. मोहरी तडतडली की तेलाचे बारीक थेंब हळद घेऊन भिंतीवर जातात. शेगडीच्या दोन्ही बाजूंना हात-दीड हात आणि वर चिमणीपर्यंतचा पट्टा सर्वांत जास्त माखतो. तिथे एक बोट फिरवून पाहा. चिकटपणा जिथे संपतो तिथपर्यंत तुम्हाला पुसायला सोपी, गुळगुळीत टाइल हवी.

मग सिंकपाशी या. भांडी घासताना पाणी पुढे सांडतं आणि ओट्याच्या कडेवरून खाली येतं. सिंकपुढची तीन फूट जमीन दिवसातले कित्येक तास ओली असते. घरात कोणी वयस्कर असेल तर जमिनीची टाइल याच तीन फुटांवरून ठरवायची.

तिसरी गोष्ट घरागणिक बदलते. जमिनीवर बसून विळीवर चिरणं होतं का, नारळ कुठे फोडता, खलबत्ता कुठे असतो, पिठाचे डबे ओढून काढता की उचलून? कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरात रोजचा नारळ असतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला फरशीला घाम येतो. तिथे चकचकीत जमीन घालू नये, एवढं मी अगदी ठामपणे सांगेन.

२. जुनी फरशी काढायची का?

हा प्रश्न खर्चाचा आहे तितकाच शेजाऱ्यांचाही आहे. जुन्या इमारतींत बहुतेक ठिकाणी मोझेक किंवा शहाबादी फरशी आणि ओट्याला कडाप्पा असतो. मोझेक धड असेल, कुठे खचलेली नसेल, तर ती घासून पॉलिश करून घेता येते. नवी टाइल हवीच असा नियम नाही. आणि घर फार जुनं असून जमिनीवर नक्षीच्या सिमेंट टाइल्स असतील, तर फोडण्याआधी चार दिवस थांबा. मुंबईच्या भारत फ्लोअरिंग्ज या कंपनीने १९२२ मध्ये अशा टाइल्स बनवायला सुरुवात केली. त्या काळच्या नक्षीच्या जमिनी आजही कित्येक घरांत शाबूत आहेत. फोडलेली अशी जमीन पुन्हा मिळत नाही.

जुन्या टाइलवरच नवी टाइल लावणं आता सर्रास होतं. त्यात फोडाफोड वाचते, राडारोडा वाचतो, खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला हादरे बसत नाहीत. पण आधी जुनी टाइल सगळीकडे ठोकून पाहा. जिथे पोकळ वाजेल तिथली काढून तेवढी जागा भरून घ्यावी लागते. शिवाय जमिनीची उंची वाढते: टाइल ९-१० मिलिमीटर, खाली ॲडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा तयार मसाला, ४-५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास दीड सेंटिमीटर. तेवढ्याने दार अडतं. ड्राय बाल्कनीचं पाणी स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून ठेवलेला उंबरठा ठेंगणा पडतो. नहाणी ट्रॅपची जाळी खाली राहते. या तीन जागा मोजूनच हो म्हणा.

भिंतीत ओल असेल तर टाइल लावून ती झाकू नका. ओल कुठून येते ते शोधा, बंद करा, भिंत वाळू द्या. ओल्या गिलाव्यावर लावलेली टाइल सुटते आणि तोवर ओल शेजारच्या रंगाच्या भिंतीतून बाहेर पडलेली असते.

सोसायटीला लेखी कळवणं, ठोकाठोकीच्या वेळा आणि राडारोडा कुठे टाकायचा हे मिस्त्री येण्याआधी मिटवून टाका.

३. माप घ्या, पण नगांत मोजा

नवख्यांची फसगत सर्वांत जास्त इथे होते, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवते.

समजा स्वयंपाकघर ८ बाय १० फुटांचं आहे. क्षेत्रफळ ८० चौरस फूट. तुटफुटीसाठी १० टक्के वाढवले की ८८. दुकानात ज्याला दोन बाय दोन म्हणतात त्या टाइलच्या बॉक्समध्ये ४ नग असतात आणि ते साधारण साडेपंधरा चौरस फूट भरतात. भागाकार केला की पावणेसहाच्या आत उत्तर येतं. म्हणून दुकानदार सांगतो, सहा बॉक्स घ्या. हिशोब चुकीचा नाही.

आता टेप घेऊन बसा. दोन बाय दोनची टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे जवळपास ६१० मिलिमीटर. दहा फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर. एका ओळीत पाच टाइल्स बसवल्या की २ मिलिमीटरचे जॉइंट, म्हणजे दोन टाइल्समधल्या फटी, धरून ३००८ होतात आणि भिंतीपाशी ४ सेंटिमीटरची चिंचोळी पट्टी उरते. ती दाराजवळ आली तर घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला दिसते. कापताना ती पट्टी तुटतेही फार.

यावर चांगला कारागीर मधून सुरुवात करतो. मध्ये चार पूर्ण टाइल्स आणि दोन्ही भिंतींना जवळपास ३२ सेंटिमीटरचा एकेक तुकडा. दिसायला नेटकं. पण एका टाइलमधून असे दोन तुकडे निघत नाहीत, म्हणजे एका ओळीला सहा नग लागले. आठ फुटांच्या बाजूला चार ओळी आणि वर ३ सेंटिमीटरची पट्टी. ती ओट्याखाली ढकलायची आणि उरलेल्या कापांतून काढायची. सहा चोक चोवीस. सहा बॉक्समध्ये बरोबर चोवीसच नग असतात. एक टाइल जरी कापताना फुटली तरी काम अडलं. म्हणून इथे सात बॉक्स.

तेव्हा चौरस फुटांच्या हिशोबावर न थांबता चौकटीच्या कागदावर जमीन काढा, टाइल्स मांडा, नग मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे. टाइल तिरकी लावायची असेल तर १५ टक्के तरी जास्त लागते.

भिंतीच्या टाइलचा पट्टा, ज्याला आपल्याकडे डॅडो म्हणतात, त्याचं माप ओट्याच्या वरून घ्या. वरच्या कपाटांपर्यंतचं अंतर बहुतेक घरांत दोन फुटांच्या आसपास असतं. त्यात १२ बाय २४ इंचाची टाइल आडवी घातली तर दोन थर बसतात, उभी घातली तर एकच. १२ बाय १८ची टाइल उभी लावली की वर सहा इंचांची कापलेली पट्टी येते, म्हणून असा पट्टा असेल तर ती मी सुचवत नाही. शेगडीमागे मात्र दोन फुटांवर थांबू नका, चिमणीच्या वरपर्यंत टाइल न्या. खिडकी असेल तर तिचा खालचा कट्टाही मापात धरा, तो हमखास विसरतो.

४. सिरॅमिक की व्हिट्रिफाइड

दुकानात दहा नावं ऐकू येतील. त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो, टाइल पाणी किती पिते. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल मागून बरंच पाणी शोषते, आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून जास्त शोषत नाही. ती जास्त दाबाखाली घडवलेली आणि जास्त तापमानाला भाजलेली असते, म्हणून घट्ट आणि जड.

ओट्यामागच्या भिंतीला सिरॅमिक पुरते. तिच्यावर कोणी चालत नाही, पुढच्या काचेसारख्या थरातून पाणी आत जात नाही, ती हलकी असते आणि स्विचबोर्डासाठी चौकोन कापायला सोपी जाते. भिंतीला महागडी व्हिट्रिफाइड घालून वाचवायचे ते पैसे उडवू नका. तेच पैसे जॉइंटमध्ये घाला, त्याबद्दल पुढे सांगते.

जमिनीला व्हिट्रिफाइडच घ्या. तिच्यात तीन प्रकार समजून घेतले तरी पुरे. जीव्हीटी म्हणजे ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल, तिच्यात वर छापील नक्षी आणि तिच्यावर काचेचा थर असतो, त्यामुळे लाकूड, संगमरवर, सिमेंट असं काहीही दिसू शकतं. डबल चार्जमध्ये वरचे तीन-चार मिलिमीटर रंगीत मातीचेच असतात, त्यामुळे नक्षी मोजकी पण घर्षणाला चिवट. फुल बॉडीत आरपार एकच रंग. हातातून पितळी डबा पडला आणि टवका उडाला तर जीव्हीटीत खालचा वेगळा रंग डोळे वटारून पाहतो, फुल बॉडीत पटकन लक्षात येत नाही. ज्या घरात जड भांडी रोज हाताळली जातात, तिथे मी डबल चार्ज किंवा फुल बॉडीकडे झुकते. मात्र पॉलिश केलेली डबल चार्ज सिंकपुढे घसरते, म्हणून तिच्यातही मॅट मिळते का ते विचारा.

आपल्याकडच्या दुकानांतला बराच माल गुजरातेतल्या मोरबीहून येतो. अनोळखी नावाचा माल वाईटच असतो असं नाही. बॉक्सवर आयएस १५६२२ हे भारतीय मानक आहे का, माल प्रीमियम दर्जाचा आहे की स्टँडर्ड, हे वाचा. स्वस्त पडलेला माल बहुतेकदा दुसऱ्या दर्जाचा असतो, त्यात कडा किंचित वाकड्या निघतात आणि हे बिलावर कुठे लिहिलेलं नसतं.

५. हाताला आणि पायाला कशी लागते

भिंत आणि जमीन यांचा न्याय उलटा आहे. भिंतीला गुळगुळीत चांगली, जमिनीला खरखरीत.

माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मी शेगडीमागे दगडासारखी उंचसखल टाइल लावली होती, फार हौसेने. पहिल्या दिवाळीत चकल्या, शेव, अनारसे असं सगळं तळण झालं आणि त्या दगडाच्या प्रत्येक खाचेत तेल जाऊन बसलं. फडक्याने वरचं निघायचं, खाचेतलं नाही. ब्रश, गरम पाणी, साबण, सगळं करून दोन वर्षांत तिथे पिवळट सावली धरली. शेवटी तेवढा पट्टा काढून साधी चमकदार पांढुरकी टाइल लावली. ती आजही रात्री ओट्याबरोबर एका हाताने पुसून होते. उठावाची, नक्षी कोरलेली टाइल आवडली असेल तर जेवणाच्या टेबलामागे लावा, शेगडीमागे नको.

जमिनीसाठी मॅट घ्या. घसरण्याचा अंदाज देणारा एक आकडा असतो, आर ९, आर १०, आर ११ असा. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. घरच्या स्वयंपाकघराला आर १० छान. हा आकडा दुकानदाराला ठाऊक नसेल तर तिथेच टाइलवर थोडं पाणी ओतून, चप्पल काढून पाऊल फिरवून पाहा. लाजू नका, चांगले दुकानदार स्वतःच पाणी आणून देतात. फार खरखरीतही घेऊ नका. शुगर किंवा कार्व्हिंग म्हणतात त्या फिनिशमध्ये कणीक सांडली की झाडू आणि पोछा दोन्ही अडखळतात.

६. दुकानातून नमुना घरी आणा

दोन-तीन टाइल्स पसंत पडल्या की प्रत्येकीचा एक नग घरी न्यायला मागा. अनामत रक्कम ठेवून बरेच दुकानदार देतात. घरी आणून सकाळी, दुपारी आणि रात्री तुमच्याच दिव्याखाली ओट्यावर उभी करून पाहा. दुकानातला पिवळसर प्रकाश आणि तुमची पांढरी ट्यूब यांत तीच टाइल क्रीमची राखाडी होते.

मग हा प्रयोग करा. चमचाभर गरम तेलात चिमूटभर हळद घालून टाइलवर टाका. शेजारी कोकमाचं आगळ किंवा चिंचेचा कोळ. तिसऱ्या जागी मार्करने एक रेघ. रात्रभर तसंच ठेवून सकाळी भांड्याच्या साबणाने पुसा. चांगल्या काचेच्या थरावर काहीही राहत नाही. काही पॉलिश केलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्सच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि त्यांत मार्करची रेघ फिकट होऊन का होईना, राहते. तशी टाइल दिवाणखान्यात चालेल, स्वयंपाकघरात नको. ओट्याला संगमरवर घालायचा विचार असेल तर हाच प्रयोग त्याच्या तुकड्यावर कराच. आगळाचा थेंब संगमरवराची चमक कायमची खातो.

रंगाबद्दल थोडक्यात. दुकानात १२ बाय १८च्या टाइल्स बऱ्याचदा तिघींच्या संचात दाखवतात, एक फिकी, एक गडद आणि मध्ये हायलायटर. हायलायटरवर कपबशा, फळांची टोपली, कॉफीचे दाणे. आवडत असतील तर जरूर लावा, पण दोन-चार नगांपुरत्या. ओट्यावर डबे, मिक्सर, वॉटर फिल्टर ठेवल्यावर यातलं किती दिसणार आहे, तेही पाहा. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यामागे फिकी टाइल लावली तर रात्री काम करताना उजेड जास्त वाटतो. एकदम शुभ्र जमीन मात्र घेऊ नका, तिच्यावर केससुद्धा दिसतो. आणि अगदी काळ्या जमिनीवर पिठाचा प्रत्येक कण दिसतो. मधली, थोडी ठिपकेदार राखाडी किंवा बदामी जमीन सगळ्यात समजूतदार.

७. दर विचारताना

चौरस फुटाचा दर सांगितला की लगेच चार गोष्टी विचारा. दर जीएसटी धरून आहे का, गाडीभाडं कोणाकडे, लिफ्टमधून टाइल्स नेऊ देत नसतील तर मजल्यावर चढवायची हमाली किती, आणि न फोडलेले बॉक्स परत घेणार का. चौथ्याचं उत्तर बिलावर लिहून घ्या.

८. माल आल्यावर, मिस्त्री येण्याआधी

बॉक्स घरात आले की सही करण्याआधी प्रत्येक बॉक्सची बाजू वाचा. टाइलचं नाव आणि माप तर असतंच, त्याखाली बॅच आणि शेड नंबर असतो. सगळ्या बॉक्सवर हे दोन्ही एकच हवेत. एकाच नावाची टाइल वेगळ्या दिवशी भाजली की रंगात किंचित फरक पडतो. हातात घेऊन कळत नाही, जमिनीवर लागली की लांबूनही कळतो.

डोंबिवलीला माझ्या नणंदेकडे पाच टाइल्स कमी पडल्या. महिन्याने त्याच दुकानातून, त्याच नावाचा एक बॉक्स मागवला. शेड नंबर वेगळा होता आणि तो कोणी पाहिला नाही. फ्रिजसमोरच्या त्या पाच टाइल्स आजही शेजारणींपेक्षा पिवळट आहेत. घरात पाऊल टाकलं की त्यांच्याकडेच नजर जाते. म्हणून सगळा माल एकदाच आणि थोडा जास्तच घ्यायचा.

मग दोन-तीन बॉक्समधली एकेक टाइल काढा. दोन टाइल्सची तोंडं समोरासमोर ठेवून कोपरे दाबा. डुगडुगत असतील तर वाकल्या आहेत. किंचित वाक मोठ्या टाइल्समध्ये असतोच. म्हणूनच २ बाय ४ फुटांच्या टाइल्स विटांसारख्या निम्म्यावर निम्म्या लावू नयेत. एकीचा फुगलेला मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशी येतो आणि पायाला कड लागते. तशी रचना हवीच असेल तर एकतृतीयांशच सरकवा. चार टाइल्स जमिनीवर चौकोनात जुळवून मधल्या फुलीकडे पाहा, मापातला फरक तिथे लगेच दिसतो.

हे सगळं टाइल लागण्याआधीच करायचं, कारण लावलेली टाइल कोणी बदलून देत नाही.

९. लावताना कुठे उभं राहायचं

टाइल्स लावायच्या आदल्या दिवशी, भिंतीत पाण्याचे पाइप आणि विजेच्या नळ्या गेल्या की त्यांचे फोटो काढून ठेवा, शेजारी टेप धरून. ओट्यापासून किती उंचीवर, कोपऱ्यापासून किती अंतरावर. पुढे कधी भिंतीला हुक मारायचा असेल तेव्हा हे फोटो सोन्याच्या मोलाचे होतात.

सिरॅमिक टाइल सिमेंटवर लावायची असेल तर ती आधी पाण्यात भिजवतात, नाहीतर ती सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि पकड कच्ची राहते. व्हिट्रिफाइड पाणी पीतच नाही, म्हणून साध्या सिमेंटला ती नीट धरत नाही. तिला ॲडहेसिव्हच हवं. गोणीवर ते कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं, भिंतीसाठी, जमिनीसाठी, जुन्या टाइलवर लावण्यासाठी. ॲडहेसिव्हवर लावायची टाइल भिजवायची नाही, मागची धूळ ओल्या फडक्याने पुसली की झालं.

कारागीर टाइलच्या मागे चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मालाचे गोळे ठेवून ती दाबत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. घाईत असं सर्रास करतात. त्या गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते. पुढे तिथे खिळा मारला की टाइल तडकते, जमिनीवर जड काही पडलं की फुटते, आणि पाणी शिरलं की मागे साठतं. ॲडहेसिव्ह दातांच्या थापीने पूर्ण भिंतीवर सारखं पसरून त्यावर टाइल बसवायला हवी. पहिल्या दोन टाइल्स लावून झाल्या की एक उचलून मागे पाहा. माल सगळीकडे लागलेला दिसला की तुम्ही निर्धास्त चहा करायला जा.

आणखी एक क्रम सांभाळा. ओट्याचा ग्रॅनाइट आधी बसवून डॅडोची टाइल त्याच्यावर टेकवली की भिंतीवरून ओघळणारं पाणी ग्रॅनाइटवर येतं, त्याच्या मागे जात नाही. ग्रॅनाइट आणि टाइल यांच्या मधल्या सांध्यात सिमेंट भरू नका, सिलिकॉन भरा. ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हलतात, सिमेंटची रेघ तिथे चिरते आणि त्या चिरेतून पाणी खालच्या कपाटात उतरतं.

जमीन नहाणी ट्रॅपकडे उतरती आहे का ते टाइल लागत असतानाच तांब्याभर पाणी ओतून पाहा. वाळल्यावर काही दिवसांनी सगळ्या टाइल्स नाण्याने वाजवून घ्या. पोकळ वाजणाऱ्यांवर खडूने खूण करा आणि शेवटचा हप्ता देण्याआधी त्या बदलून घ्या.

१०. जॉइंट

टाइलवर डाग पडत नाही, तो जॉइंटमध्ये पडतो. स्वयंपाकघर जुनाट दिसायला लागतं ते आधी या रेघांतून.

टाइल अगदी खेटून, मध्ये काही न सोडता लावू, असं कारागीर किंवा दुकानदार म्हणेल. ऐकू नका. किमान २ मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे प्लास्टिकचे छोटे तुकडे, मध्ये घालून अंतर ठेवा. उन्हाळ्यात टाइल आणि भिंत दोन्ही थोडी हलतात, त्यांना जागा लागते. शिवाय खेटलेल्या फटीत ग्राउट, म्हणजे जॉइंट भरायचा मसाला, उतरत नाही, नुसता वर लिंपला जातो आणि काही महिन्यांत निघून येतो.

ग्राउट दोन प्रकारचा. सिमेंटचा स्वस्त, भरायला सोपा, पण तेल आणि हळद पिणारा. इपॉक्सीचा कित्येक पट महाग, पण पाणी-तेल आत घेत नाही. सगळीकडे इपॉक्सी परवडत नसेल तर शेगडीमागचा पट्टा आणि सिंकमागची भिंत एवढ्या दोन जागी तरी घाला. तिथे रेघांची लांबी फार नसते, म्हणून खर्चही आवाक्यात राहतो. इपॉक्सी लवकर घट्ट होतो. कारागिराने थोडा थोडा कालवून, भरल्या भरल्या टाइलवरचा पापुद्रा पुसायला हवा, वाळल्यावर तो निघता निघत नाही. हे काम पूर्वी केलेला माणूसच बोलवा आणि त्याने केलेलं एखादं स्वयंपाकघर बघून या.

ग्राउटचा रंग टाइलपेक्षा किंचित गडद घ्या. पांढऱ्या टाइलला पांढरा ग्राउट पहिल्या गणपतीपर्यंत सुंदर दिसतो. फिक्या राखाडी रेघा वर्षानुवर्षं सारख्याच दिसतात.

काम संपलं की सिमेंटचे डाग काढायला कारागीर ॲसिडची बाटली मागेल. देऊ नका. ॲसिड जॉइंटमधलं सिमेंट खातं, स्टीलच्या सिंकवर काळे डाग पाडतं. दर संध्याकाळी ओल्या स्पंजाने पुसून घेतलं असेल तर त्याची गरजच पडत नाही.

उरलेल्या टाइल्सपैकी भिंतीच्या चार आणि जमिनीच्या चार तरी माळ्यावर ठेवा, उभ्या, पुठ्ठ्यात गुंडाळून. बॉक्सचा शेड नंबर छापलेला तुकडा कापून त्यांच्याबरोबर ठेवा आणि ग्राउटच्या पाकिटावरचा रंगाचा क्रमांक त्यावरच पेनाने लिहा. नळ दुरुस्त करणारा एक दिवस भिंत फोडणारच आहे.